रवंथ

जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलननगरीला नाव तेरणाकाठच्या तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांचे आणि अध्यक्ष वसईचे कॅथलिक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली आले आणि पुढे त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. मराठीत बायबल रुजवण्याची खटपट मात्र जुनीच. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापले, तेही रोमन लिपीत!

पण बायबल वाचणे वेगळे आणि ते वाचत प्रार्थना करणे वेगळे. या दुसऱ्या रीतीला कॅथलिक मठांत ‘लेक्शिओ दिविना’ म्हणतात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठाच्या दिनक्रमात अशा वाचनाला ठरावीक तास दिले. बाराव्या शतकात ग्विगो या कार्थुसियन संन्याशाने या रीतीच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द चिंतन. वाचनाने घास तोंडात जातो, मननाने तो चावला जातो, असे तो समजावतो. जुने संन्यासी ओठ हलवत, पुटपुटत वाचायचे. त्यांच्या या मननाचे लॅटिन नाव ‘रुमिनात्सिओ’, म्हणजे चक्क रवंथ. गोठ्यातल्या गायीला हे नव्याने शिकवायला नको.

उतारा छोटाच घ्यायचा. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातला अठरावा अध्याय घ्या. देव त्याला कुंभाराच्या घरी पाठवतो. चाकावरचे मडके हातातच बिघडते. कुंभार तोच गोळा मळून दुसरे घडवतो. हळू वाचायचे, पुन्हा वाचायचे. एखादा शब्द अडकतो, समजा, ‘बिघडले’. मग पुढे जायचे नाही. आपले काय बिघडले आहे ते आठवते, त्याबद्दल देवाशी दोन शब्द बोलावेत आणि मग गप्प बसून राहावे.

तेरणाकाठच्या माणसाला हा उतारा परका वाटणार नाही. गोरोबांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा त्याने लहानपणीच ऐकलेली असते. आपल्याकडे कच्चे म्हणजे उणे. यिर्मयाच्या कुंभाराचे काम मात्र कच्चेपणावरच चालते. एकदा भाजलेले मडके पुन्हा चाकावर चढत नाही, हे कुंभारवाड्यात कुणाला सांगावे लागत नाही.