टाका सुटू नये म्हणून

रमजानचा शेवटचा आठवडा लागला की धारावीतल्या चामड्याच्या कारखान्यांत सगळ्यांची नजर घड्याळावर असते. ऑर्डर वेळेत जायची असते आणि इफ्तारही चुकवायचा नसतो. सायन-वांद्रे लिंक रोडवरच्या दुकानांत बॅगा, पाकिटे, पट्टे, जाकिटे झळकत असतात. तो माल तयार होतो मागच्या गल्ल्यांत, लोखंडी शिडी चढून गेल्यावर लागणाऱ्या माळ्यांवर.

अशाच एका माळ्यावर तीन शिलाई मशीन आहेत, चामड्याची कड पातळ करणारे एक मशीन आहे आणि खिडकीशी कापणीचे लांब टेबल आहे. कारखाना चालवतात ते उस्ताद. टेबलाशी असतात साताऱ्याकडून आलेले, चर्मकार समाजातले मामा. मधल्या मशीनवर बिहारहून आलेला विशीतला कारागीर बसतो. त्याची मजुरी नगावर आहे. जितक्या बॅगा शिवून होतील तितके पैसे. ईदला गावी जायचे तिकीट काढून झाले आहे, धाकट्या बहिणीसाठी कपडे घ्यायचे आहेत. नेमक्या अशा दुपारी त्याच्या मशीनने टाके सोडायला सुरुवात केली.

दोन-तीन टाके नीट पडत, चौथा सुटे. त्याने वेग कमी केला, दोऱ्याचा ताण आवळला आणि काम पुढे रेटले. चौथ्या बॅगेच्या पट्ट्यावर पुन्हा तेच. उस्तादांनी मागून येऊन मशीनचे बटण बंद केले.

"चाचा, आज बंद मत करो," पोरगा काकुळतीला आला.

"मशीन बंद राहिली तर तासाचं नुकसान," उस्ताद म्हणाले, "चालू राहिली तर चामड्याचं."

चामड्याला दुसरी संधी नसते

कापडाची शिवण चुकली तर उसवता येते. धागे पुन्हा जवळ येतात, इस्त्री फिरवली की खूणही उरत नाही. चामड्याचे तसे नाही. सुई एकदा आरपार गेली की भोक कायमचे. चुकलेल्या शिवणीशेजारून पुन्हा शिवण घातली तर भोकांच्या दोन ओळी होतात आणि पट्टा त्याच ओळीवर फाटतो. पोस्टाची तिकिटे भोकांच्या रेषेवर फाटतात, तसाच हा प्रकार. म्हणूनच चामड्यावर टाका लांब ठेवतात, साधारण ३ ते ४ मिलिमीटर. बारीक टाका दिसायला नाजूक, पण भोके जितकी जवळजवळ, तितका माल कमजोर.

या कामाला घरातले शिलाई मशीन पुरे पडत नाही. घरच्या मशीनमध्ये कापड फक्त खालचे दाते पुढे ढकलतात. जाड चामड्याचे दोन-तीन थर असतील तर खालचा थर पुढे सरकतो आणि वरचा मागे राहतो. कारखान्यातल्या 'वॉकिंग फूट' मशीनमध्ये खालचे दाते, सुई आणि वरचा पाय तिघे एकत्र पाऊल टाकतात. सुई चामड्यात रुतलेली असतानाच पुढे सरकते, म्हणून थर एकमेकांवरून घसरत नाहीत. पाकिटासारखा सपाट माल सपाट मशीनवर होतो. बॅगेची गोलाई किंवा बूट शिवायला बाहुलीच्या हातासारखा पुढे आलेला नळीचा भाग असलेले मशीन लागते.

आधी सुई, शेवटी स्क्रू

मशीन बिघडले की नवखा कारागीर आधी पेचकस शोधतो. उस्तादांचा क्रम उलटा आहे. आधी वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवायचा. ताणाच्या चकत्यांमध्ये दोरा नीट बसलेला नसेल तर खालच्या बाजूला फासे लोंबतात आणि दोष उगीच बॉबिनला दिला जातो. मग बॉबिन बघायची, नीट भरली आहे की कुठे ढिली. त्यानंतर सुई बदलायची. ती सरळ दिसत असली तरी बदलायची, कारण वाकलेले टोक डोळ्यांना दिसेलच असे नाही. मग सफाई. एवढे करूनही टाका सुटला, तरच स्क्रूला हात लावायचा.

त्या दिवशी दोष सुईतच निघाला. पोराने सकाळी घाईत जी सुई घातली ती १३५ x १७ जातीची होती, म्हणजे कापडासाठीच्या गोल टोकाची. चामड्याला १३५ x १६ लागते. दोन्हींची लांबी तीच, दोन्ही त्याच मशीनला बसतात, म्हणून फसगत होते. फरक टोकात आहे. कापडाची सुई धागे बाजूला सारून वाट काढते. चामड्यात बाजूला सारायला धागेच नसतात, तिथे सुईच्या टोकाला पात्यासारखी धार हवी. गोल टोकाची सुई जोर लावून घुसते, तापते, किंचित वाकते, आणि खालचा हुक तिच्या दोऱ्याचा फासा पकडायला चुकतो. टाका सुटतो तो असा.

सुईचा आकडाही दोऱ्याशी जुळावा लागतो. १४० नंबरची सुई म्हणजे १.४ मिलिमीटर जाडीची. उस्तादांची परीक्षा साधी आहे. हातभर दोरा सुईच्या नेढ्यातून ओवायचा, दोन्ही टोके धरून दोरा तिरपा ताणायचा. सुई आपल्या वजनाने खाली घसरली तर जोडी जमली. अडकून बसली तर सुई बारीक आहे. सुई बसवताना लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला येते, आखूड खोबणी हुकाकडे. हे उलटे झाले तर मशीन एकही टाका धरणार नाही.

सुई बदलली. मग झाकण उघडून हुकाभोवतीची सफाई. दोऱ्याचे तंतू, चामड्याची धूळ आणि जुने तेल मिळून काळपट लगदा झाला होता. ब्रशने आणि चिमट्याने तो काढला. फुंकर किंवा हवेचा झोत मारला तर तोच कचरा आणखी आत जातो. बॅगेच्या कडांना लावलेले चिकट सोल्यूशनही सुईवर चढते. ते पूर्ण वाळू न देता शिवले की दोरा ओढला जातो आणि तुटतो.

नवी सुई, नवा दोरा, चामड्याच्या तुकड्यावर वीतभर शिवण. टाके सरळ, एकसारखे. तुकडा मधोमध कापून उस्तादांनी पोराला दाखवला. वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गाठ चामड्याच्या जाडीच्या बरोबर मध्ये बसली होती. गाठ वर आली तर वरचा ताण जास्त, खाली दिसली तर वरचा ताण कमी.

"टायमिंग देखना नहीं?" पोराने विचारले.

उस्तादांनी मान हलवली. सुई सगळ्यात खाली जाऊन साधारण दोन मिलिमीटर वर उठली की हुकाचे टोक तिच्या मागे पोहोचले पाहिजे, आणि दोघांमधली फट कागदाहून जास्त नको. हेच टायमिंग. हाताने चाक फिरवून त्यांनी ते पाहिले. ते जागेवर होते. जागेवर असलेला स्क्रू फिरवणे म्हणजे एका दुखण्याची दोन दुखणी करणे.

मामांची रापी

खिडकीशी मामांचे काम चालूच होते. त्यांच्या हातात रापी, चर्मकारांचे पिढ्यान् पिढ्यांचे हत्यार. चामडे चौरस फुटावर विकत येते, पण सगळा फूट सारखा नसतो. पाठीच्या कण्यालगतचा भाग घट्ट, पोटाचा भाग सैल आणि ताणला जाणारा. ज्यावर भार येणार तो बॅगेचा पट्टा मामा पाठीतून आणि कण्याच्या दिशेने काढतात. आतले कप्पे, अस्तराच्या पट्ट्या पोटाकडून निघतात. चामडे आधी उलटेपालटे करून उजेडात बघायचे, ओरखडे आणि किड्यांचे डाग खडूने खुणावायचे, आणि मगच फर्मा ठेवायचा. कापणीत चार बोटे चामडे वाया गेले तर शिवणाऱ्याने कितीही घाई करून ते भरून निघत नाही.

रापीबद्दल मामांचे एकच म्हणणे आहे. बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा जास्त कापते, फक्त ते बोट कापते. धार गेली की जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेले पाते सटकले की थांबत नाही. म्हणून दिवसातून कितीदा तरी ते रापी दगडावर घासतात, दोन्ही बाजूंनी एकाच कोनात. शेवटी चामड्याच्या पट्टीवर मागे ओढून धारेचा खरखरीतपणा काढतात. धार बघायला अंगठा लावत नाहीत. चामड्याचा तुकडा घेऊन त्याच्या कडेची पातळ साल काढतात. साल न अडखळता निघाली की झाले. कापताना खाली लाकडी पाट असतो, दगड किंवा लोखंड नाही. नाहीतर धार दोन कापांत जाते. आणि दुसरा हात कधीही पात्याच्या वाटेवर नाही.

मोठ्या कारखान्यांत हे काम डाय आणि प्रेसवर होते. पोलादी पट्टीचा साचा चामड्यावर ठेवायचा, वरून प्रेसचा हात दाबतो, तुकडा कापला जातो. काही सेकंदांचे काम. म्हणूनच त्याची भीती जास्त. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबली तरच प्रेस खाली यावा, अशी सोय सुरक्षित यंत्रांत असते. एक बटण टेपने चिकटवून दुसरा हात मोकळा ठेवण्याची युक्ती घाईच्या दिवसांत सुचते, आणि तीच बोटे घेऊन जाते.

रोजा आणि हत्यार

रोजेदाराचे हात सकाळी स्थिर असतात. पहाटे सहेरी करून आलेला माणूस दहा-अकरापर्यंत ताजा असतो. दुपार उतरली की घसा कोरडा पडतो, रात्री तरावीहच्या नमाजमुळे झोप कमी झालेली असते, पापण्या जड होतात. म्हणून या माळ्यावर रमजानात कामाचा क्रम बदलतो. कापणी, कड पातळ करणे, जाड थर शिवणे ही कामे सकाळी. दुपारी दोरे कापणे, कडा रंगवणे, चेन लावायची तयारी. इफ्तारच्या आधीच्या तासात धारदार हत्याराला कोणी हात लावत नाही. हा नियम मामांनाही लागू आहे. त्यांचा रोजा नसतो, पण त्या तासाला तेही रापी पट्टीत गुंडाळून ठेवतात. "सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडं असताना आपण एकट्यानं कशाला पातं चालवायचं," असे त्यांचे म्हणणे.

एरवी दोऱ्याचे टोक जिभेला लावून सुई ओवायची सवय असते. रोज्यात टोक कात्रीने तिरके कापून ओवले जाते. कुर्त्याच्या बाह्या मागे दुमडलेल्या, गळ्यातला रुमाल काढून ठेवलेला, कारण पट्ट्यात अडकायला रुमालाचे एक टोक पुरते. आणि सुई बदलताना बटण बंद. जुन्या क्लच मोटारीचे मशीन शिवत नसतानाही आतून फिरत असते, पाय चुकून पायडलवर पडला की सुई खाली येते. नवी सर्व्हो मोटार पायडल दाबले तरच फिरते, आवाज करत नाही, वीजही वाचवते.

संध्याकाळी काम उरकल्यावर तेल. शिलाई मशीनचे पांढरे पातळ तेल, प्रत्येक छिद्रात एक-दोन थेंब. खोबरेल किंवा मोहरीचे तेल हाताशी असते म्हणून घातले तर काही दिवसांत ते चिकट होते आणि मशीन जड चालते. तेल घातल्यावर टाकाऊ तुकड्यावर शिवण मारायची, नाहीतर सकाळी पहिल्याच बॅगेवर तेलाचा डाग.

थांबलेल्या तासाची मजुरी

हे सगळे कारागिरांना माहीत नसते असे नाही. मग मशीन दुरुस्तीशिवाय का राहतात? कारण मजुरी नगावर असते. सफाईच्या वेळात एकही बॅग होत नाही, म्हणजे तो वेळ कारागिराच्या खिशातून जातो. मशीन मालकाचे, वेळ मात्र मजुराचा. मग सुई तुटेपर्यंत चालते, तेल उद्यावर ढकलले जाते, आणि ईदच्या आठवड्यात मशीन बसते.

त्या दुपारी पोराचे पाऊण तास गेले. चार बॅगांचे पट्टे बाद झाले, ते पैसे उस्तादांनी कापले नाहीत. उलट वहीत त्याच्या नावापुढे थांबलेल्या वेळाची मजुरी लिहिली. या माळ्यावर तोच रिवाज आहे. रोज संध्याकाळची सफाई आणि तेलाचा वेळही हिशेबात धरला जातो. कामगाराची मजुरी अडवू नये, वेळेत द्यावी, ही इस्लामची शिकवण सगळ्यांना पाठ असते. ती मशीनच्या सफाईलाही लागू होते, हे फार थोड्यांना सुचते.

धारावीत चामडे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तमिळनाडूकडून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी इथे कातडी कमवायचे कारखाने काढले, महाराष्ट्रातले ढोर आणि चर्मकार समाजाचे लोक या कामात होतेच, पुढे उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर आले. कातडी कमवणे इथून कधीच हलले, शिवणकाम राहिले. प्रेषित मुहम्मद (स.) घरी आपली पायताणे स्वतः दुरुस्त करत, असे हदीसमध्ये नोंदलेले आहे. संत रोहिदासांनी जोडे शिवत भक्ती केली. उस्ताद आणि मामा या दोन्ही गोष्टी एकमेकांना अनेकदा सांगून झाल्या आहेत.

ईदसाठी चप्पल, पाकीट किंवा बॅग घेताना रंग सगळे बघतात. एकदा पट्टा जिथे जोडला आहे तिथली शिवण उलटून बघावी. टाके एकसारखे आहेत का, शेवटी दोन-तीन टाके मागे घेऊन शिवण पक्की केली आहे का, खाली फासे लोंबत नाहीत ना.

मगरिबची अजान झाली तेव्हा तीनही मशीनवर झाकणे पडली होती. टेबलावरचे फर्मे बाजूला सारून वर्तमानपत्र पसरले होते. मामांनी कापलेले कलिंगड मध्ये ठेवले. पोराने खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायला आणि उठून आपल्या मशीनखालच्या डब्यातल्या सुया दोन वेगळ्या डब्यांत भरायला लागला. एका डब्यावर त्याने खडूने १६ लिहिले, दुसऱ्यावर १७.