गळिताच्या वाटेवर नवी वसाहत : हरकत घ्यावी कशी?



कारखान्याकडे येणाऱ्या रस्त्यांलगत आता ठिकठिकाणी प्लॉट पडू लागले आहेत. काल जिथे ऊस उभा होता तिथे आज चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खांब दिसतात. मोठ्या वसाहतीची बातमी आली की वाड्या-वस्त्यांवरची मंडळी गट ऑफिसात येऊन विचारतात, "पोरांनी शाळेला जायचं कुठनं, आणि आमच्या गाड्या निघायच्या कुठनं?"

शंका रास्त आहे. परंतु "गर्दी होईल, अपघात होतील" एवढेच लिहून दिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. गर्दी किती आणि धोका नेमका कोठे, हे आकड्यांनी दाखवावे लागते. ते कसे, हे आम्ही येथे सांगणार आहोत. घरांना आमचा विरोध नाही. जमीन विकणारे बहुधा आपलेच सभासद, आणि राहायला येणारीही आपल्यासारखीच संसारी माणसे. प्रश्न रस्त्याचा आहे.

रस्ता किती पेलतो?

रस्त्यांचे मापदंड ठरविणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली ग्रामीण रस्त्यांसाठी एक हिशेब दिला आहे. त्यात प्रत्येक वाहन मोटारीच्या मापात मोजतात. मोटार म्हणजे १, मोटारसायकल अर्धी, ट्रक किंवा एस.टी. ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर साडेचार आणि मोठी बैलगाडी तब्बल ८. बैलगाडी हळू चालते, मागच्यांना अडवून धरते, म्हणून तिचा आकडा मोठा. सपाटीवरच्या एकेरी रस्त्याने दिवसाला असे २,००० एकक पेलावेत, असे हे मापदंड सांगतात.

आता उदाहरण घेऊ. एखाद्या एकेरी रस्त्याने हंगामात रोज ५० बैलगाड्या आणि ६० ट्रॅक्टर कारखान्याला येतात असे धरा. जाऊन-येऊन गाड्यांचे ८०० आणि ट्रॅक्टरचे ५४०, मिळून १,३४० झाले. त्याच रस्त्यावर २०० घरांची वसाहत झाली. घरटी एक वाहन दिवसातून दोनदा बाहेर जाऊन परत आले, तर ८०० फेऱ्या होतात. त्यांत निम्म्या मोटारी व निम्म्या मोटारसायकली धरल्या तर ६०० एकक होतात. एकूण बेरीज १,९४०. यात अजून एस.टी. नाही, दुधाची गाडी नाही, शाळेची बस नाही.

मोजणी हंगामातच हवी

हाच रस्ता जून-जुलैत मोजला तर? वसाहतीचे ६०० आणि किरकोळ ये-जा, एवढेच दिसेल. मोजणारा म्हणेल, रस्ता मोकळा आहे. म्हणूनच इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७२ च्या मापदंडांत वर्षातून किमान दोनदा, एकदा सुगीच्या ऐन गर्दीत आणि एकदा मंदीत, सलग सात दिवस मोजणी करावी असे म्हटले आहे. आपल्याकडे ऐन गर्दी म्हणजे गळीत हंगाम. हरकतीच्या अर्जात पहिली मागणी हीच करावी. गावातल्या चार शिकलेल्या पोरांनी वही घेऊन नाक्यावर बसून स्वतःचीही मोजणी करावी. काट्यावरची वाहनांची नोंद तिच्या जोडीला मागून घ्यावी.

वसाहतीचे तोंड कोठे?

दुसरा मुद्दा प्रवेशाचा. जिथे एक रस्ता दुसऱ्याला येऊन मिळतो, तिथे वाहनांच्या वाटा एकमेकींना भिडण्याच्या ९ जागा तयार होतात. चौकात त्या ३२ होतात. वसाहतीचे फाटक बरोबर पाणंदीच्या समोर आले की नकळत चौक तयार झाला म्हणून समजा. तेच फाटक पुरेसे पुढे सरकविले तर दोन वेगळे फाटे राहतात, आणि भिडण्याच्या जागा १८ वर येतात.

तिसरा मुद्दा नजरेचा. बैलजोडीसह सात मीटरची भरली गाडी सात मीटरचा रस्ता ओलांडताना चौदा मीटर चालते. माणसाच्या संथ चालीने तिला चौदा सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटार सुमारे २३० मीटर पुढे येते. कोपऱ्यावर उंच भिंत किंवा जाहिरातीचा फलक उभा राहिला तर गाडीवानाला ती दिसणार कशी? म्हणून कोपरे मोकळे ठेवण्याची अट मागावी.

अर्ज कोणाकडे?

आराखडा मंजूर होण्यापूर्वी ग्रामसभेत ठराव करावा. आराखडा मंजूर करणाऱ्या प्राधिकरणाकडे अर्ज द्यावाच, शिवाय रस्ता ज्याचा त्याच्याकडेही द्यावा. राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, गावरस्ता असेल तर जिल्हा परिषद. महामार्ग म्हणून घोषित रस्त्याला नवे फाटक जोडायचे तर १९५५ च्या महामार्ग अधिनियमाप्रमाणे परवानगी लागते. कागद मिळत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून मागता येतात. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. घरे उभी राहिल्यावर फाटक हलत नाही.

जमीन विकणाऱ्या सभासदांनाही आमचे सांगणे आहे. पाणंदीचा हक्क, फाटकाची जागा आणि पदपथ या गोष्टी करारात लिहून घ्या. सही झाल्यावर तोंडी शब्दाला कोणी विचारत नाही.

आपल्या बाजूचे काय?

दुसऱ्याकडे बोट दाखविताना आपल्याही गाड्या पाहाव्यात. ट्रॉलीला मागे तांबडे परावर्तक नाहीत, पंक्चर झालेली ट्रॉली रात्रभर रस्त्यातच उभी, टेप मोठ्याने चालू असल्याने मागचा हॉर्न ऐकू येत नाही. हे चालायचं नाही. मागून येणारा मोटारसायकलवाला उद्या त्या वसाहतीतला असेल, नाहीतर आपलाच भाचा असेल. वाहनमालक सभासदांनी मोळी टाकण्यापूर्वीच परावर्तक लावून घ्यावेत आणि बैलगाडीच्या मागेही ते बांधावेत.

ज्या गावांत अशा वसाहतीचा प्रस्ताव आला असेल, तेथील सभासदांनी हा अंक ग्रामसभेत वाचून दाखवावा, ही विनंती.