बरोबर उत्तरामागची चूक

४.८ आणि ४.६३ यांतली मोठी संख्या कोणती, असं सहावीच्या वर्गात विचारलं तर काही मुलं ४.६३ म्हणतात. आठापेक्षा त्रेसष्ट मोठे, हा त्यांचा हिशेब. पण ४.८ हे बरोबर उत्तर देणाऱ्यांतही काहींचा समज चुकीचाच असतो. शतांश दशांशापेक्षा लहान, तेव्हा दशांशचिन्हापुढे कमी अंक असलेली संख्या नेहमी मोठी, असं ती धरून चालतात. त्यांना २.३ आणि २.४५ ही जोडी द्या. ती बिनदिक्कत २.३ निवडतील. आणि 'त्रेसष्ट'वाली मुलं इथे बरोबर ठरतील! मेलबर्न विद्यापीठाच्या व्हिकी स्टाइनले आणि के स्टेसी यांनी अशाच जोड्या देऊन मुलांच्या या समजुतींचा माग काढला.

दोन्ही प्रकारच्या जोड्या निम्म्या निम्म्या विचारल्या, तर दोन्ही प्रकारच्या मुलांना गुण सारखेच पडतील. शिकवायला मात्र वेगवेगळं लागेल. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने हे कसं ओळखावं? संगणक खरा उपयोगी पडतो तो इथे. उत्तर कोणत्या समजुतीतून आलं हे ताडून तो पुढचा प्रश्न निवडतो, गरज पडल्यास दोन-तीन इयत्ता मागेही जातो.

दिल्लीत २०१५ मध्ये 'माइंडस्पार्क' या अशाच संगणकीय प्रणालीची कसोटी लागली. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन या संशोधकांनी ६१९ मुलांमध्ये सोडत काढून काहींना शाळेबाहेरच्या केंद्रांत मोफत प्रवेश दिला. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. साडेचार महिन्यांत केंद्रातल्या मुलांची गणितातली प्रगती इतरांच्या जवळपास दुप्पट झाली. हे सगळं श्रेय संगणकाचं मानू नये, कारण रोजच्या दीड तासातला निम्मा वेळ मुलं लहान गटात शिक्षकाजवळ बसत.

शाळेच्या परीक्षेत मात्र त्यांच्या गणिताच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. तिसरीच्या पातळीवरून चौथीच्या पातळीवर आलेलं मूल सहावीच्या प्रश्नपत्रिकेपुढे तितकंच हतबल असतं. त्याने कष्टाने ओलांडलेली इयत्ता कुठेच नोंदली जात नाही. म्हणून प्रगतिपुस्तकात 'मूल कुठून कुठवर आलं' असा एक रकाना हवाच. तो भरायला लागणारी माहिती अशा प्रणालींकडे रोज जमा होत असते.