वखारवाल्याने घडवलेली मुंबई

जेराल्ड आँजियर १६६९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरत वखारीचा प्रमुख आणि मुंबईचा गव्हर्नर झाला. वर्षाला अवघ्या १० पौंड भाड्याने आदल्याच वर्षी कंपनीला मिळालेले हे बेट तेव्हा दलदलीचे नि रोगट होते. आँजियरने तिथे न्यायालय आणि टांकसाळ सुरू केली. पोर्तुगीज काळापासूनच्या जमीनदारांशी करार करून जमिनींचे तंटे मिटवले. त्या बदल्यात त्यांनी दरसाल २०,००० झेराफिन (पोर्तुगीज नाणी) भरायचे ठरले. १६७३ मध्ये डच आरमार चालून आले, पण मुंबईची तयारी पाहून परतले.

मराठ्यांच्या प्रदेशातला व्यापार त्याला हवा होता. म्हणून १६७४ मध्ये त्याने हेन्री ऑक्झिंडेनला रायगडावर धाडले. शिवराज्याभिषेक डोळ्यांनी पाहून या वकिलाने लिहिलेली टिपणे आज अमोल ठरली आहेत.

आँजियरची खरी दूरदृष्टी मात्र माणसे वसवण्यात दिसते. दीवच्या निमा पारख या व्यापाऱ्याला १६७७ मध्ये आपला धर्म निर्धास्तपणे पाळण्याची आणि स्वतःच्या रीतीने प्रेतदहन करण्याची लेखी हमी मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये आँजियर सुरतेत मरण पावला.