लोणारच्या गाळातले दुष्काळ

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरात पाणी येतं, पण बाहेर वाहून जायला त्याला वाट नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या उल्काविवरातून ते उडतं ते बहुतांशी वाफ होऊनच. त्यामुळे पावसाने ओढ दिली की पातळी घटते, खार वाढतो आणि त्याची नोंद तळाच्या गाळात होते.

शास्त्रज्ञांनी नळी खुपसून या गाळाचा सुमारे १० मीटर लांबीचा गाभा बाहेर काढला. त्यात जवळपास ११,००० वर्षं थरावर थर बसलेली आहेत. लाकूड-पानांच्या अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून थरांचं वय काढतात. परागकणांवरून काठावरची झाडं कळतात.

खरी मौज गेलुसाइटच्या स्फटिकांत आहे. सोडियम आणि कॅल्शियमचं हे कार्बोनेट पाणी फार खारट झालं तरच तयार होतं. म्हणजे ते सापडलं, की तळं आटलं होतं असं समजायचं. लोणारच्या गाभ्यात ते ठळकपणे दिसतं सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या थरांत. मधूनमधून बरी वर्षं आली असतीलही, पण एकूण काळ कोरडाच.

यातला पहिला काळ सिंधू संस्कृतीची नगरं ओस पडू लागली त्या काळाच्या आगेमागे संपतो. तेवढ्यावरून सगळं खापर पावसावर फोडणं मला घाईचं वाटतं. शिवाय अलीकडच्या थरांत शेती, जंगलतोड यांचीही भेसळ असते. पावसाचा हिशेब त्यातून वेगळा काढावा लागतो.