पेट्रोल जीपचे टायमिंग : आधी पॉइंट, मग डिस्ट्रिब्युटर



बियाणे, खताची पोती, भाजीपाला वाहणारी जुनी पेट्रोल जीप चढावर दम टाकू लागली, रेडिएटर उकळू लागला, पेट्रोल जास्त लागू लागले, की पुष्कळजण प्रथम कार्ब्युरेटर खोलतात. तो खोलण्यापूर्वी ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग, तपासून पाहावे. खर्च काहीच नाही. फिलर गेज, पाने, एक लहान बल्ब व दोन वायरी पुरतात.

ही पद्धत डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट असलेल्या जुन्या गाड्यांसाठीच आहे. अलीकडच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. तेथे हात घालू नये.

पेट्रोल व हवेचे मिश्रण ठिणगी पडताच सगळेच्या सगळे जळत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर दट्ट्या खालून वर यायला सेकंदाचा सुमारे ६७ वा भागच मिळतो. म्हणून दट्ट्या अगदी वर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. हरिकेन इंजिनाच्या जीपमध्ये हे मूळ टायमिंग ५ अंश आधी असते. इतर गाड्यांचा आकडा त्यांच्या पुस्तिकेत पाहावा, अंदाजाने धरू नये.

आता टायमिंग बिघडते कसे ते पाहू. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, त्यामुळे पॉइंटमधील अंतर कमी होते. ते उशिरा उघडू लागतात आणि ठिणगी मागे पडते. अशा वेळी नुसते डिस्ट्रिब्युटर फिरवले तर गाडी तात्पुरती सुधारते, पण पॉइंट जळतच राहतात. पुढे कोणी अंतर बरोबर केले, की तीच ठिणगी फार पुढे जाते. मग इंजिन ठोकते, आणि हँडल मारणाऱ्याच्या मनगटाला उलटा फटका बसतो. हाड मोडण्याइतका तो जोरदार असू शकतो. म्हणून क्रम चुकवू नये.

गाडी सपाट जागी उभी करून न्यूट्रलमध्ये ठेवावी, हँडब्रेक लावावा, चाकांना दगड लावावेत. इंजिन गार असावे. स्विच बंद ठेवून सर्व प्लग काढावेत; वायरींवर आधी खुणा करून ठेवाव्यात (जीपचा क्रम १-३-४-२). कॉइलकडून येणारी जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून बांधावे. हे विसरल्यास ठिणगी भलतीकडे उडून पेट्रोलच्या वाफा पेटू शकतात.

झाकण काढून, टाच कॅमच्या उंचवट्यावर येईपर्यंत हँडलने इंजिन फिरवावे. जीपसाठी अंतर ०.५ मिलिमीटर ठेवावे. खड्डे पडलेले पॉइंट घासत बसण्यापेक्षा बदललेले बरे.

नंतर पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवून इंजिन त्याच्या चालीच्या दिशेने सावकाश फिरवावे. हवा बोट ढकलू लागली की बोट काढून टायमिंगच्या खुणेकडे लक्ष द्यावे आणि ५ अंशांची खूण जुळताच थांबावे. खूण ओलांडली तर पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यावे, म्हणजे गिअरमधील ढिलाई निघून जाते. या वेळी रोटरचे टोक पहिल्या वायरीच्या जागेसमोर हवे.

बल्बची एक वायर कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या बारीक वायरीच्या खिळीला व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावावी. बल्ब बॅटरीच्या व्होल्टचा असावा. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून स्विच चालू करावा. डिस्ट्रिब्युटर प्रथम रोटरच्या दिशेने किंचित फिरवावा, बल्ब विझेल. मग उलट दिशेने केसकेस फिरवावा. बल्ब पेटला, त्याच क्षणी पॉइंट उघडले. तेथेच बोल्ट आवळावा. इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून बल्ब नेमका खुणेवर पेटतो का, हे ताडून पाहावे. स्विच फार वेळ चालू ठेवू नये, कॉइल तापते.

सर्व जोडून, इंजिन तापल्यावर, नेहमीचे ओझे घालून गाडी चढावर न्यावी. रिकाम्या गाडीवर अंगणात कानाने लावलेले टायमिंग ओझ्याखाली दगा देते, असा अनुभव आहे. वरच्या गिअरमध्ये खडखड सतत ऐकू आली तर ठिणगी पुढे आहे. आवाज नाही पण जोरही नाही, सायलेन्सर फार तापतो, तर ती मागे आहे. दुरुस्ती अगदी थोडी करावी, कारण डिस्ट्रिब्युटरचा १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असली तरी इंजिन ठोकते. तेव्हा आधी पेट्रोल बदलून पाहावे.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि हँडल खालून वर ओढावे. वरून खाली कधीही दाबू नये.