माळावरील पायी संशोधन-प्रवासाची पूर्वतयारी

बारामती व इंदापूर तालुक्यांतील माळांवर पायी हिंडून तेथील शब्द टिपून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्रस्तुत लेख आहे. हा मुलूख मरुभूमी नव्हे. तथापि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर इतकाच पाऊस पडतो. दक्षिणेस नीरा व पूर्वेस भीमा या पुणे जिल्ह्याच्या सीमा होत. परंतु भाषेच्या अभ्यासकास त्यांहून महत्त्वाची सीमा नीरा डाव्या कालव्याची आहे. कालव्याखाली ऊस व बागाईत, त्याच्या वर जिराईत व माळ. काटेवाडीहून उत्तरेकडे चालू लागले म्हणजे पाटपाण्याचे शब्द मागे पडतात आणि चराईचे शब्द सुरू होतात.

काटेवाडीहून शिर्सुफळचा माळ आणि तेथून पश्चिमेस सुपे, अशी वाट तीन-चार दिवसांत आखावी. सुप्याजवळील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर असून ते मुख्यतः चिंकारा हरणासाठी राखले आहे. अभयारण्यात अभ्यासासाठी जावयाचे असल्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये परवाना लागतो. तो निघण्यापूर्वीच मिळवावा. माळावर सावली विरळ आणि पाणी दुर्मिळ. म्हणून दिवसभराचे पाणी बरोबर घ्यावे व दुपारी चालणे टाळावे. दगडाखाली हात घालू नये, कारण फुरसे हा येथील रहिवासी आहे. पावसाळ्यात कित्येक पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. यास्तव मळलेली पायवाट सोडू नये.

काळाची निवड मात्र माणसे पाहून करावी. आषाढी वारीत तुकोबांची पालखी काटेवाडीस येते, तेव्हा धनगर बांधव तिच्याभोवती मेंढ्यांचे रिंगण घालतात. दसरा-दिवाळीनंतर मात्र त्यांचे पुष्कळ वाडे घाट उतरून कोकणाकडे जातात व पावसाळ्याच्या तोंडी परततात. त्यामुळे हिवाळ्यात हवा सुखद असली, तरी ज्यांच्याकडून शब्द मिळावयाचे तेच माळावर नसतात. श्रावण ते आश्विन हा काळ उत्तम. वाड्याजवळ जाताना दुरूनच हाक द्यावी. राखणीची कुत्री अनोळखी माणसास जवळ येऊ देत नाहीत.

आता शब्दांविषयी. ज्या भूमीस बाहेरचा मनुष्य सरसकट ओसाड म्हणतो, तिचे स्थानिक भाषेत अनेक भेद आहेत. बरड म्हणजे मुरमाड, हलक्या कसाची जमीन. कुरण म्हणजे गवतासाठी राखलेली. गायरान म्हणजे गावाच्या गुरांची सामाईक. ‘पड’ हा शब्द तर विशेष विचार करण्याजोगा आहे. शेतकरी जमीन पड ठेवतो तो तिला विसावा देण्यासाठी. पुढे तो तीच जमीन पुन्हा नांगरतो. म्हणजे ‘पड’ ही एक अवस्था आहे, जमिनीची जात नव्हे. सरकारी परिभाषेत ‘पडीक’ हा मात्र कायमचा शिक्का झाला. २००० साली भारतातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात झुडपे असलेली उघडी रानेही पडीक म्हणून दाखविली गेली.

हा केवळ शब्दभेद नाही. एखादी जमीन निरुपयोगी ठरली, की तिचा ‘उपयोग’ करण्याची घाई सुरू होते. माळावर दाट झाडे लावली, तर ते वनीकरण दिसते खरे. परंतु उघड्या गवतावर जगणाऱ्या चिंकाऱ्याचा व माळटिटवीचा निवारा त्याने जातो, आणि मेंढ्यांची चराईही आक्रसते.

म्हणून शब्द टिपताना केवळ अर्थ लिहून थांबू नये. ती जागा कोणती, तेथे कोण चारतो, कोणत्या महिन्यात, आणि सातबाऱ्यावर तिला काय म्हटले आहे, हेही त्याच पानावर नोंदवावे. या दोन नावांतील अंतर जेथे सर्वांत मोठे आढळेल, तेथील माळ सर्वांत आधी नाहीसा होण्याचा संभव आहे. आणि तो गेला, की त्याचे शब्दही टिकणार नाहीत.